दीदीला सोडायला

अकोला, ८ मे

रागिणी,

वर चि. लिहावं की श्रीमती, यावर माझा बराच वेळ गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. राग आला तर येऊ दे, तसाही तो आहेच.

तुझं पत्र पोचलं. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून यापुढे जे काय ते लिहून कळवायचं, हे तू बरं केलंस. कागदावर ओरडता येत नाही. मस्कतची नोकरी सोडलीस, तिकडे हिमाचलात पालमपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागलीस, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, दोघांच्या शाळेचं बोलून झालं, हे सगळं मी आबांना अमरावतीला फोन करून वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "लेकरं मायजवळ गेले पायजे, यात बोलाचं काय हाय?" खरंच काही नाही. विपुल गेला, पोरं बापावेगळी झाली, तेव्हा तुला परदेशी जाणं भाग होतं आणि पोरांना ठेवून घेणं मला भाग होतं. आता त्यांना नेणं तुला भाग आहे. शिवम तेव्हा दीड वर्षाचा होता, आता दुसरीत जाईल. गुंजन बारा वर्षांची झाली आणि माझ्या चपला तिला होतात.

तुझी एकच अट आहे. शिवमला इथेच सगळं नीट समजावायचं, की तू त्याची आई आहेस आणि आता त्याने तुझ्याकडे राहायचं आहे. मगच त्याला आणायचं. "माझ्या दारात येऊन त्याला धक्का बसायला नको," असं तू लिहिलंस. बरोबर आहे. सांगते.

आम्ही रेल्वेने येत नाही, गाडीने येतोय. मे महिन्यात शाळा बंद, पोरांची ने-आण करायची माझी व्हॅन नुसती दारात उभी असते. मागची सीटं काढून टाकली. एका पालकांनी त्यांचा तंबू वापरायला दिला. पोरं तंबू-तंबू करून जीव खात होती, म्हटलं चला, मुक्काम करत करत जाऊ, देश बघून होईल. रेल्वेने दोन दिवसांत पोचलो असतो हे मला माहीत आहे. तू लिहायच्या आधी मीच लिहून टाकलं.

मला काही वाटत नाहीये. रडारड वगैरे काही झालेली नाही. कपडे भरताना शिवमचे आखूड झालेले शर्ट वेगळे काढले, ते कोणाला द्यावेत सुचेना, म्हणून परत कपाटात ठेवले. एवढंच.

ताई


चिखलदरा, १४ मे

रागिणी,

पहिला मुक्काम पडला. त्याआधी अमरावतीला आबांकडे दोन दिवस राहिलो. आबांनी निघताना व्हॅनमध्ये गोवऱ्यांचं अख्खं पोतं टाकलं. मी म्हटलं, आबा, हिमाचलला कशाला शेण नेऊ? तर म्हणाले, "काहून? रागिणीनं पाच वर्षांत गोवरीवरचे रोडगे खाल्ले नसतीन. लाकडावर भाजशीन तं चव येत नाही. ने गुमान." पोतं घेतलं. आता गाडीत बसलं की गोठ्यात बसल्यासारखं वाटतं. पोरांना त्याचं काही नाही.

इथे वर बरी हवा आहे. तंबू ठोकायला आम्हाला दोन तास लागले आणि तो तरीही एका बाजूला झुकलेला आहे. शेजारी नागपूरचं एक कुटुंब उतरलंय. त्यांच्या बाईंनी शिवमला विचारलं, कुठे चाललात रे सगळे? त्याने उभं राहून सांगितलं, "दीदीले सोडाले. दीदी मावशीची हाय ना. आता मावशीजवळ राहणार हाय ते. मी आईचा हाय. आमी दोघं वापस येऊ."

तुला हे समजावून सांगायला हवं. तू फोन करतेस तो गुंजनच्या फोनवर, आणि तो त्या वेळी अंगणात पळतो, म्हणून तुला कळलं नसेल. गुंजन मला मोठी आई म्हणते, तसाच तोही म्हणायला शिकला होता. बोलायला लागला तेव्हा कधीतरी त्यातलं "मोठी" गळालं आणि नुसतं "आई" राहिलं. मी ते मुद्दाम गाळलं नाही. परत चिकटवलंही नाही. गुंजन तुला मम्मी म्हणते, आणि गुंजनची मम्मी ही माझी बहीण, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मग आईची बहीण ती मावशी. पोराने नातं अगदी बरोबर लावलंय, फक्त सुरुवात चुकली.

तू एकदा सुट्टीवर आलीस तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि माझ्या व्हॅनखाली जाऊन लपला. तू म्हणालीस, माझं पोरगं तू हिरावून घेतलंस. मी तुला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. ते दोघींनाही पाठ आहे.

गुंजन आज भांडी घासता घासता मला म्हणाली, "मोठी आई, तू सांगत नाहीस तं मी सांगू काय त्याले?" मी म्हटलं, मीच सांगीन. ती म्हणाली, "कवा?" मी म्हटलं, तू आधी ते पातेलं नीट घास.

सांगते. घाट उतरल्यावर सांगते. वळणावळणाच्या रस्त्यावर त्याला उलट्या होतात, त्यात हे नको.

ताई


शिवपुरीच्या अलीकडे, १८ मे

रागिणी,

बैतूलकडे जाताना पोलिसांनी गाडी थांबवली. मागे पोतं बघून त्यांना वाटलं काय घबाड आहे. पोतं उघडायला लावलं. आत गोवऱ्या. हवालदार एकदा माझ्याकडे बघतो, एकदा पोत्याकडे. "ये क्या है, मॅडम?" मी काही बोलायच्या आत शिवम म्हणाला, "खाना." हवालदाराने पोतं बांधून आपल्या हाताने परत ठेवून दिलं आणि आम्हाला पाणी विचारलं. त्याला काय वाटलं देव जाणे. गुंजन त्यानंतर तासभर हसत होती.

ऊन फार आहे. पण आपण अकोल्याचे, उन्हाचं कौतुक आपल्याला कोणी सांगू नये. दुपारी कुठेतरी झाडाखाली गाडी लावायची, ओले टॉवेल काचांना लावायचे आणि पडून राहायचं. संध्याकाळी पेट्रोलपंपावर विचारायचं. बाई आणि दोन पोरं बघून मागच्या आवारात तंबू टाकू देतात. काल तर पंपाच्या मॅनेजरने पंखा आणून लावून दिला आणि त्याच्या बायकोने वाटीभर लोणचं पाठवलं. मी गाडी चालवते, पोरं गाणी लावतात, गावं मागे जातात. चांगली आहेत की वाईट, ते बघितलं जात नाही. एखाद्या गावाचं नाव विचारशील तर मला सांगता येणार नाही.

शिवमला सांगितलं. दुपारी तंबूत बसवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. रडला नाही. नंतर टरबूज खाल्लं. तुझी अट पूर्ण झाली, तू निर्धास्त राहा.

बाकी सगळं ठीक. पोरं एकमेकांना सांभाळतात. काल शिवमने आपली बॅटरी, ती लाल, जी तो कोणाला हात लावू देत नाही, ती गुंजनच्या बॅगेत घालून दिली. म्हणाला, "तिकडं पहाडात अंधार रायते, दीदी. मी तं घरीच असीन, मले कायले लागते?" गुंजन ती घेत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, घे.

मला बरं वाटतंय. म्हणजे वाईट वाटत नाहीये.

ताई


पालमपूरच्या खाली, २५ मे

रागिणी,

आम्ही तुझ्या गावाच्या खालीच येऊन थांबलोय. तुझ्या क्वार्टरपासून लांब नाही, गुंजनने फोनवर नकाशा काढून बघितलं. उशीर झाला कारण कुरुक्षेत्रापाशी व्हॅनचा पट्टा तुटला. पट्टा त्याच दिवशी बदलून झाला होता, हेही लिहून टाकते. नंतरचे दोन दिवस आम्ही तिथे असेच होतो.

इकडे ओढ्याला खड्ड म्हणतात. त्याच्या काठावर तंबू टाकलाय. समोर डोंगरावर बर्फ दिसतो. शिवमने विचारलं, "आई, हा कोनं टाकला?" पाणी चोवीस तास वाहतं आणि जवळच्या देवळापाशी एक नळ आहे, तोही वाहतच असतो. अकोल्याच्या पोरांना हे कसं पचणार? नळ आला म्हणजे सहा दिवसांची बेगमी, हेच त्यांनी जन्मापासून बघितलंय. आवाज ऐकल्याबरोबर दोघं धावले आणि पातेली, बाटल्या, कॅन, डबे, ताटंसुद्धा भरून आणली. मग गुंजनने बूट काढून त्यात भरायचं का विचारलं, ते मात्र चेष्टेने. देवळातले पुजारी सांगत होते, बेटा, ये बंद नहीं होता. शिवमला पटत नव्हतं. तो तासाभराने परत जाऊन बघून आला. नळ चालूच होता. आल्यावर म्हणाला, "मावशीचं गाव चांगलं हाय. दीदी राहीन इथं."

रविवारी तुला सुट्टी असते म्हणालीस. रविवारी सकाळी तूच इथे ये. मी रोडगे करते, वांग्याची भाजी आणि वरण. आबांच्या गोवऱ्या आहेतच. तुझ्या दारात आणून सोड म्हणू नकोस. तू वर उभी आणि आम्ही सामान घेऊन पायऱ्या चढतोय, हे माझ्याच्याने होणार नाही. इथे माझा तंबू आहे, इथे तू पाहुणी म्हणून ये. जेवण होईल, मग बघू.

हे पत्र गुंजनच्या हाती देवळातल्या मुलाकडे देते, तो तुझ्याकडे पोचवेल.

ताई


अमरावती, ४ जून

रागिणी,

पोचले. आबांकडे आहे. अकोल्याला जायचं आहे, जाईन.

रविवारी तू तिथेच होतीस, तरी मी तो दिवस लिहिणार आहे. तुला जे दिसलं आणि मला जे दिसलं ते एकच नसणार. शिवाय आपण दोघी त्या दिवशी नीट बोललोही नाही.

तू उतारावरून येताना दिसलीस. हातात पिशवी होती, निळी साडी होती, केस पातळ झालेत तुझे. गुंजन "मम्मी" करून धावली. मी गोवऱ्यांचा विस्तव पसरून रोडगे लावले होते. तुला वाटत होतं की शिवमला सगळं ठाऊक आहे. मी तसं लिहिलं होतं. मी खोटं लिहिलं होतं. त्या दुपारी तंबूत बसवलं खरं त्याला, पण मी तोंड उघडलं आणि विचारलं, टरबूज खातोस का.

मग तो आला. मी वाढवलेला आहे, पाहुण्यांशी कसं वागायचं ते त्याला शिकवावं लागत नाही. दोन्ही हातांत पेला धरून आला, वाकून तुझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मावशी, पाणी घ्या. दीदीचं सारं सामान आणलं बरं आमी. काहीच राह्यलं नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मी विस्तवातला रोडगा फिरवत होते. तो भाजून झाला होता, तरी फिरवत होते.

मी वाट बघत होते तुझ्या ओरडण्याची. तू ओरडायला हवं होतंस. तुला तो हक्क होता आणि मला त्याची सवय होती. तू ओरडली असतीस तर मीही ओरडले असते, तुला नको नको ते बोलले असते, आणि शिवमला व्हॅनमध्ये घालून अकोल्याला परत आणलं असतं. वाटेत स्वतःला सांगितलं असतं की अशा बाईजवळ पोर कसं ठेवायचं. हे मी आता सुचलं म्हणून लिहीत नाही. पट्टा बदलल्यावरचे ते दोन दिवस मी याच विचारात काढले होते.

आणि तू पेला घेतलास. सगळं पाणी प्यायलीस. त्याच्या डोक्यावर हात ठेवलास आणि मला म्हणालीस, "राहू दे, ताई. मावशी तं मावशी. त्याले घेऊन जाय तू यंदा. पुढच्या वर्षी पाहू."

मला आनंद झाला, रागिणी. महिनाभर काही म्हणता काही वाटत नव्हतं, आणि पहिली गोष्ट वाटली ती ही. इतका आनंद झाला की हात भाजला ते कळलं नाही. तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. मग बघितलं. तू हसत होतीस त्याच्याकडे बघून, आणि रिकामा पेला परत द्यायला तुझा हात पुढे होत नव्हता. तोही थांबला होता, पाहुण्यांनी पेला दिल्याशिवाय जायचं नाही म्हणून.

तेव्हा मी सांगितलं. जसं आलं तसं सांगितलं. "शिवम, हे मावशी नाही. तू हिच्या पोटचा हाय. दीदीची मम्मी तेच तुही आई. तुले आता इथंच राह्याचं हाय."

तो म्हणाला, "अन् तू?"

"मी मोठी आई. मी अकोल्याले जाईन."

"शाळा लागल्यावर?"

"तुही शाळा इथं हाय."

त्याने गुंजनकडे बघितलं. "तुले माहीत होतं, दीदी?" तिने हो म्हणून मान हलवली. मग तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि ताट पुढे ओढलं. दोन रोडगे खाल्ले. तूप मागून घेतलं. तू एक घास खाऊन रडायला लागलीस, ते त्याने बघितलं आणि आपल्या ताटातली वांग्याची फोड तुझ्या ताटात ठेवली. त्याला वांगं आवडत नाही, हे तुला ठाऊक असू दे. पण ती त्याने चांगल्या मनाने ठेवली होती असं मला वाटतं.

आता यापुढचं तुला दिसलेलं नाही. तू गुंजनला जवळ घेऊन तंबूच्या पलीकडे उभी होतीस.

आधी माझ्या धंद्यातलं एक सांगते. दर जूनला माझ्या व्हॅनमध्ये दोन-तीन नवी पोरं येतात. शाळेच्या फाटकाशी उतरवलं की ती हात सोडत नाहीत, माझा घट्ट धरून ठेवतात. नवखा ड्रायव्हर मनगट धरून ओढतो, मग पोर आणखी आवळतं. तसं करायचं नसतं. आधी करंगळी उचलायची. करंगळीत जोर नसतो. ती सुटली की शेजारचं बोट सुटतं, मग त्याच्या शेजारचं, अंगठा सगळ्यात शेवटी. तोवर एक शब्द बोलायचा नाही. सुटलं की मागे न बघता सरळ निघायचं. बघितलं की दोघांचंही वाटोळं. शिवम तीन वर्षांचा असल्यापासून माझ्या शेजारच्या सीटवर बसून हे बघत आलाय.

मी गाडीत बसले, काच खाली केली. तो खिडकीशी आला. मी त्याला सांगणार होते की मम्मीला त्रास देऊ नको, दूध पीत जा, असलंच काहीतरी. त्याऐवजी त्याचा हात धरला. तो रडत नव्हता. त्याने माझा हात धरलेला नव्हता, मीच त्याचा धरला होता, आणि माझ्याने तो सुटेना. गाडी चालू होती. किती वेळ गेला मला माहीत नाही.

मग त्याने दुसरा हात वर आणला आणि माझी करंगळी उचलली. नंतर तिच्या शेजारचं बोट. झटका दिला नाही, बोलला नाही, जीभ दातात धरून एकेक करत गेला. अंगठा शेवटी सोडवला. अगदी बरोबर सोडवला.

"जाय आता," तो म्हणाला. "मांगं पाहू नको."

मी पाहिलं नाही.

ताई